मजूर की ठेकेदार? नव्या कामगार संहिता आणि आपल्या वाड्यांवरची माणसे



२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कामगार कायदे त्यांत सामावले गेले. तेव्हापासून आपल्यापैकी अनेकांनी मला विचारले, "आता आपल्या आदिवासी मजुरांना काय मिळणार?" याचे उत्तर त्याआधीच्या एका प्रश्नावर अवलंबून आहे. कायद्याच्या नजरेत हा माणूस कोणाचा कामगार आहे, की तो स्वतःच ठेकेदार आहे?

कामगार ठरला तर किमान वेतन, अपघाताची भरपाई आणि जिथे लागू असेल तिथे भविष्य निर्वाह निधी व ईएसआय. ठेकेदार ठरला तर ठरलेले पैसे, आणि हात मोडला तर त्याचे तो पाहील. त्यामुळे माणसाला मजूर न म्हणता दुसरे काहीतरी म्हणण्यात देणाऱ्याचा फायदा असतो.

पनवेल, खालापूर, कर्जत भागातील कातकरी कुटुंबांचेच पाहा. दिवाळीनंतर ती वीटभट्टीवर जातात. पावसाळ्यात चूल पेटती ठेवण्यासाठी बयाणा घेतलेला असतो. भट्टीवर नवरा-बायकोची जोडी धरली जाते, मुलेही हाताशी असतात. मजुरी हजार विटांमागे. आठवड्याला खर्ची मिळते आणि खरा हिशेब पावसाच्या तोंडावर. कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते: "ते आमचे नोकर नाहीत. त्यांनी अंगावर काम घेतले आहे, केव्हाही उठावे, केव्हाही करावे."

हा युक्तिवाद नवा नाही आणि तो सर्वोच्च न्यायालयात हरलेला आहे. सौराष्ट्रातील ध्रांगध्रा येथील मिठागरांवर आगरिया कुटुंबे हंगामापुरती येत. त्यांना मिठाचा वाफा नेमून दिला जाई, सुरुवातीला उचल मिळे, मोबदला मिठाच्या वजनावर. कामाचे तास ठरलेले नव्हते. घरची माणसे हाताशी असत, बाहेरचा मदतनीस घेण्यासही हरकत नव्हती. कंपनी म्हणाली, हे स्वतंत्र ठेकेदार आहेत. १९५६ साली न्यायालयाने निर्णय दिला की हे कामगारच आहेत. आगरिया स्वतः राबतात आणि काम कसे करायचे यावर कंपनीची देखरेख आहे, हे महत्त्वाचे. पैसे नगावर की दिवसावर, हे नव्हे. वीटभट्टीचे चित्र याहून फारसे वेगळे आहे असे मला वाटत नाही.

खाडीपलीकडे मुंबई महापालिकेनेही असेच केले होते. कचरा उचलणाऱ्यांना 'स्वयंसेवक' म्हटले गेले, त्यांच्या पगाराला 'मानधन'. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढा दिला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला. सेवा करणारा स्वयंसेवक कोण असतो हे आपल्या मंडळ्यांना सांगायला नको!

आता नव्या संहितांत काय आहे ते पाहू. वेतन संहितेनुसार नगावर काम करणाऱ्यालाही किमान वेतनाचा हक्क आहे आणि एका वेतनकाळात पगाराच्या निम्म्याहून अधिक रक्कम कापता येत नाही. हंगामभर राबून बयाणा फिटला नाही म्हणून रिकाम्या हाताने परतणाऱ्या जोडीसाठी हा नियम फार मोठा आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी नेमणूकपत्र देणे आता मालकाला बंधनकारक आहे. बयाण्यापोटी कोणाला अडवून ठेवले असेल तर १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आहेच; तो या संहितांत विलीन झालेला नाही.

तळोजा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांचे मात्र तितके बरे नाही. कंत्राटी कामगारांविषयीची कलमे ५० किंवा अधिक माणसे असतील तरच लागतात. ठेका तुकड्यांत वाटून ही मर्यादा चुकवणे कठीण नाही.

आणि आता वाड्यांवरची शिकलेली मुले सीवूड्स, खारघरमध्ये मोटरसायकलवरून घरोघरी जेवण पोचवू लागली आहेत. कंपनी त्यांना 'पार्टनर' म्हणते. सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना ना नोकर ठरवले, ना ठेकेदार. 'गिग कामगार' अशी वेगळी ओळख दिली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची आहे, पण या कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक नाही. काहीच नव्हते त्यापेक्षा हे बरे. पण किमान वेतन यात नाही, म्हणून मी याला अर्धी भाकरीच म्हणेन.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा धनी स्वतः बाजारात गेला, मजुरी स्वतः ठरवली आणि पैसे कारभाऱ्याच्या हातून दिले तरी जबाब स्वतः दिला. आपल्यापैकी कित्येक जण सोसायटीच्या कमिटीवर आहेत, काहींचे लहान कारखाने आहेत. सफाईचा ठेका देताना सर्वांत कमी दर कोणाचा एवढेच पाहू नका. त्या माणसांच्या भविष्य निर्वाह निधीच्या पावत्या मागा.

कातकऱ्यांच्या बाबतीत हक्क बुडतो तो मुख्यतः पुरावा नसल्यामुळे. किती विटा पाडल्या, किती खर्ची मिळाली, याची नोंद फक्त मालकाच्या वहीत असते. म्हणून प्रत्येक जोडीकडे स्वतःची वही असावी, तीत नवरा आणि बायको दोघांचे नाव असावे आणि दर आठवड्याला ती भरली जावी, असा आमचा प्रयत्न आहे. ई-श्रम नोंदणीही सोबतच करून घेतो. लिहिता येणाऱ्या माणसांची फार कमतरता आहे. मेअखेरीस हिशेब होतात; त्याआधीचे काही शनिवार भट्टीवर येऊन वह्या लिहून देऊ शकत असाल, तर आपल्या मंडळीच्या पाळकांकडे नाव द्या. सोबत पाण्याची बाटली आणि टोपी आणा, तिथे सावली नसते.