विश्लेषण : वादळात छप्पर का उडते? आधी काय करावे, नंतर काय टाळावे?

‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेला रायगड किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा जोर काही तासांत ओसरला, पण उडालेले पत्रे आणि फुटलेली कौले यांमुळे हजारो कुटुंबांचा पुढचा सगळा पावसाळा ताडपत्रीखाली गेला. त्याआधी नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ आणि त्यानंतर मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ने कोकणाला तडाखा दिला. विदर्भ-मराठवाड्यात वळवाच्या वादळातही दरवर्षी घरांवरचे पत्रे उडतात. वादळ थांबवता येत नाही, मात्र छप्पर वाचवणे बऱ्याच अंशी हातात असते. त्यासाठी ते उडते कसे, हे समजून घ्यायला हवे.

वारा छप्पर ढकलतो की उचलतो?

वारा भिंतीला ढकलतो, पण छपराला उचलतो. भिंतीवर आदळलेला वारा वर चढून छपरावरून वेगाने निघून जातो तेव्हा छपराच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि छप्पर वर खेचले जाते. ही ओढ सर्वत्र सारखी नसते. कडा, कोपरे आणि आढ्याजवळचा भाग येथे ती सर्वाधिक असते. म्हणूनच छप्पर उडायला बहुतेक वेळा वळचणीच्या कोपऱ्यापासून सुरुवात होते. एक पत्रा सुटला की वारा आत शिरतो आणि पुढचे पत्रे खालूनही ढकलले जातात.

वाऱ्याच्या दिशेचे दार किंवा खिडकी उघडी राहिली तर हेच घडते. आत शिरलेली हवा छपराला खालून दाबते, त्याच वेळी वरून ओढ असते. ‘खिडक्या उघड्या ठेवल्या की दाब समान होतो आणि घर वाचते’ हा समज त्यामुळे चुकीचा आणि धोकादायक आहे. वादळात दारे-खिडक्या घट्ट बंदच हव्यात.

ही ओढ किती मोठी असते?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. बांधकामाच्या भारतीय मानकात वापरल्या जाणाऱ्या सूत्रानुसार ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे १७ किलो वजनाइतका दाब निर्माण करतो. ताशी १२० किलोमीटरला तो ६८ किलोच्या आसपास जातो. ‘निसर्ग’ किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता.

दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पत्र्याचे क्षेत्रफळ साधारण सव्वातीन चौरस मीटर. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर ढोबळमानाने २२० किलोची ओढ येऊ शकते. कोपऱ्यात ती याहून अधिक असते. पातळ लोखंडी पत्र्याचे स्वतःचे वजन मात्र १५ किलोच्या आसपास. बाकीचा सगळा भार हुक, बोल्ट आणि खालच्या पाइपांनी पेलायचा असतो.

मग पत्र्यावर दगड ठेवून उपयोग होतो का?

गावात आणि शहरातल्या वस्त्यांमध्ये पत्र्यावर दगड, विटा, जुने टायर ठेवलेले सर्रास दिसतात. वरच्या हिशेबाकडे पाहिले तर २०-२५ किलोचा दगड मोठ्या वादळात काही रोखू शकत नाही, हे लक्षात येईल. उलट पत्रा कलला की तोच दगड घरातल्या माणसांवर किंवा शेजाऱ्यांवर पडतो. सुटे दगड वादळाआधी खाली उतरवावेत. पत्रे नीट बसवायला वेळच नसेल तर वाळूच्या पोत्यांच्या जोड्या दोराने एकमेकींना बांधून आढ्याच्या दोन्ही बाजूंना सोडाव्यात. पोती घसरून पडत नाहीत आणि भारही दोन्ही उतारांवर राहतो. हा उपाय तात्पुरताच. छप्पर वजनाने नव्हे, बांधणीने टिकते.

पावसाळ्यापूर्वी काय तपासावे?

छप्पर ही एक साखळी आहे : पत्रा किंवा कौल, त्याखालची रीप किंवा पाइप, त्याखालचा वासा, मग भिंत. यातली जी कडी कच्ची, तिथून छप्पर सुटते. अनेक घरांत पत्रे बोल्टने पक्के असतात, पण खालचे पाइप भिंतीवर नुसते टेकवून वर सिमेंट थापलेले असते. अशा घराचे अख्खे छप्पर पाइपांसह उडते. म्हणून सर्वात आधी वासे आणि पाइप भिंतीत लोखंडी पट्टीने किंवा बोल्टने जखडलेले आहेत का, ते पाहावे.

पत्र्याच्या छपरात गंजलेले हुक, ढिले नट आणि तडकलेले वॉशर बदलावेत. खिळ्याने ठोकलेला पत्रा वाऱ्याच्या हेलकाव्यांनी सहज उपसला जातो. त्याऐवजी पाइपाला खालून अडकणारे जे-हुक किंवा रबरी वॉशरचे स्क्रू वापरावेत. कडेच्या आणि आढ्याच्या ओळीत दोन बोल्टमधले अंतर मधल्या भागापेक्षा कमी ठेवावे. जिथे ओढ जास्त, तिथे पकडही जास्त हवी. भोके पन्हळीच्या उंचवट्यावर पाडावीत, म्हणजे पाणी झिरपत नाही.

कौलारू घरात दरवर्षीच्या शाकारणीलाच हे काम जोडून घेता येते. मंगलोरी कौल जड असल्याने सहसा सरसकट उडत नाही, पण ते रिपेवर नुसते टेकलेले असते. मधल्या छपराला धक्का लागण्याआधी वळचणीच्या आणि कडेच्या ओळी सरकतात, आढ्यावरचे कोने सुटतात. कडेची कौले तारेने रिपेला बांधावीत आणि कोने चुन्यात किंवा सिमेंटमध्ये पक्के करावेत. वाळवी लागलेला किंवा कुजलेला वासा रंग देऊन झाकू नये, तो बदलावा.

झाडांकडेही पाहायला हवे. एप्रिल २०२३ मध्ये अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळात कडुनिंबाचे जुने झाड पत्र्याच्या शेडवर कोसळून सात जणांचा मृत्यू झाला होता. छपरावर आलेल्या फांद्या, वठलेली झाडे आणि नारळाच्या सुकलेल्या झावळ्या मे महिन्यातच उतरवून घ्याव्यात. शहरात यासाठी पालिकेची परवानगी लागते, तेव्हा अर्ज आधीच करावा.

इशारा मिळाल्यावर काय करावे?

हवामान विभाग चक्रीवादळाचा इशारा टप्प्याटप्प्याने देतो. किनाऱ्यावर प्रतिकूल हवामान सुरू होण्याच्या किमान ४८ तास आधी पिवळा, २४ तास आधी नारिंगी आणि जमिनीवर धडकण्याच्या साधारण १२ तास आधी लाल. छपराची किरकोळ कामे पिवळ्या टप्प्यातच उरकावीत. नारिंगी इशाऱ्यानंतर छपरावर चढू नये. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ अॅपवर आपल्या भागाचे इशारे मिळतात.

अंगणातल्या खुर्च्या, कुंड्या, सुटे पत्रे आत घ्यावेत. टाकी पाण्याने भरावी, रिकामी टाकी उडते. सौर पॅनेल आणि डिश अँटेनाचे बोल्ट आवळावेत. कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावीत. आणखी एक काम पाच मिनिटांत होते आणि पुढे फार उपयोगी पडते : घराचे आणि छपराचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवणे. वादळाआधी घर कसे होते, याचा तोच पुरावा असतो.

घर कच्चे असेल किंवा छपराचा भरवसा नसेल तर शाळा, समाजमंदिर किंवा निवारा केंद्रात जावे. घरातच थांबायचे झाल्यास स्लॅब असलेली किंवा आतल्या भिंतींची लहान खोली निवडावी.

वादळ शमले की लगेच छपरावर चढावे का?

अजिबात नाही. चक्रीवादळाचा केंद्रभाग डोक्यावरून जात असताना काही काळ वारा पडतो आणि मग विरुद्ध दिशेने तितक्याच जोराने सुटतो. प्रशासनाने धोका टळल्याचे सांगेपर्यंत बाहेर पडू नये.

त्यानंतरही घाई जिवावर बेतू शकते. ओल्या पत्र्यावरून पाय घसरतो, हलक्या झालेल्या रिपेवर भार दिला की ती मोडते. वादळ ओसरल्यावर दुरुस्ती करताना पडून किंवा विजेचा धक्का बसून होणारे अपघात टाळता येण्यासारखे असतात. सुरुवातीला मेन स्विच बंद करावा. पत्र्याला विजेची तार टेकलेली असेल तर अख्ख्या छपरात करंट उतरू शकतो. अशा वेळी शिडी लावू नये, वीज कंपनीला १९१२ वर कळवावे. बोर्डात पाणी गेले असल्यास वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये. सीलिंगला पाण्याचा फुगवटा आला असेल तर त्याखालचे सामान हटवून, बाजूला उभे राहून छोटे भोक पाडावे व पाणी बादलीत उतरवावे. नाही तर सीलिंग एकदम कोसळते.

सिमेंटचे पत्रे फुटले असतील तर?

सिमेंटचा पत्रा वरून भक्कम दिसतो, पण माणसाचा भार पडताच मध्येच फुटतो. त्यावर थेट पाय देऊ नये. दोन पाइपांवर टेकेल अशी लांब फळी टाकून तिच्यावरूनच काम करावे.

दुसरा धोका दिसत नाही. अनेक सिमेंट पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असते. त्याचे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात गेले तर अनेक वर्षांनी गंभीर आजार, अगदी कर्करोगही होऊ शकतो. तुकडे उचलण्याआधी त्यांवर पाणी मारावे, मास्क लावावा, पत्रा करवतीने कापू नये आणि कोरडा झाडू मारू नये. तुकडे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून पंचायतीच्या किंवा पालिकेच्या सांगण्यानुसार द्यावेत. अंगणात भर म्हणून ते वापरू नयेत.

ताडपत्री कशी टाकावी?

ताडपत्री भोकापुरती टाकली तर वरून आलेले पाणी तिच्याखाली शिरते. ती आढ्यावरून पलीकडच्या उतारावर तीन-चार फूट जाईल इतकी लांब असावी. कडा तशाच खिळ्याने ठोकल्या तर वाऱ्याने फाटतात. कडेला लाकडी पट्टी ठेवून तिच्याभोवती ताडपत्री दोन वेढे गुंडाळावी आणि ती पट्टी वाशाला ठोकावी. मध्ये झोळ राहिला तर पाणी साचून भार वाढतो, म्हणून ताडपत्री ताणून बांधावी.

नुकसानभरपाईसाठी काय लागते?

दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी फोटो आणि व्हिडीओ काढावेत. आतून, बाहेरून, फुटलेल्या मालासह. तातडीने झाकणे गरजेचे असेल तर झाकावे, पण फुटलेली कौले आणि पत्रे पंचनामा होईपर्यंत टाकून देऊ नयेत. तलाठी व ग्रामसेवकांना लगेच कळवावे. शहरात तहसील कार्यालय किंवा पालिकेच्या विभाग कार्यालयाला कळवावे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. घराचा नमुना आठचा उतारा किंवा घरपट्टीची पावती, आधार कार्ड आणि बँक पासबुकाची प्रत तयार ठेवावी. पंचनाम्यावर सही करण्याआधी त्यातली नुकसानीची टक्केवारी वाचून घ्यावी, कारण मदत त्यावरच ठरते.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांनुसार पूर्णपणे पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. अंशतः नुकसान किमान १५ टक्के असेल तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. झोपडीला ८,००० आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये. मोठ्या आपत्तीत राज्य सरकार वाढीव मदत जाहीर करते, ‘निसर्ग’नंतर तसे झाले होते. तरीही केवळ छप्पर गेले तर नुकसान सहसा ‘अंशतः’ धरले जाते, आणि ही रक्कम नव्या पत्र्यांना आणि मजुरीला पुरत नाही.

विमा असेल तर?

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची घरविमा पॉलिसी देणे बंधनकारक आहे. वादळ, चक्रीवादळ आणि पुरामुळे होणारे नुकसान तिच्यात येते. घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांचे संरक्षण आपोआप मिळते. देखभालीअभावी किंवा झीज होऊन झालेले नुकसान मात्र धरले जात नाही. म्हणून वार्षिक दुरुस्तीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. नुकसान झाल्यावर कंपनीला त्वरित कळवून सर्वेक्षकाला घर दाखवावे.

नवे छप्पर घालताना काय बदलावे?

वादळानंतर पत्रे आणि कारागीर दोन्हींची टंचाई होते, त्यामुळे मिळेल तसे छप्पर घातले जाते आणि जुनी चूक कायम राहते. दोन बाजूंना उतार असलेल्या दुपाखी छपरापेक्षा चारही बाजूंना उतार असलेले चौपाखी छप्पर वाऱ्याला चांगले तोंड देते. फार सपाट उतार टाळावा आणि वळचण फार बाहेर काढू नये. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवावे, म्हणजे पडवी उडाली तरी घर शाबूत राहते. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा सलग पट्टा घालून त्यातच वाशांचे बोल्ट रोवून घ्यावेत. छपराच्या एकूण खर्चात बोल्ट, पट्ट्या आणि वॉशरचा वाटा लहान असतो, त्यामुळे ठेका देतानाच त्यांची संख्या आणि जाडी लिहून घ्यावी. काम पूर्ण झाल्यावर, पत्र्याखालचा भाग सीलिंगने झाकण्याआधी, भिंत आणि वासा यांचा सांधा स्वतः पाहून घ्यावा.