पटल-संदेशन
पटल-संदेशन : संगणकाच्या पडद्यावर एकाच प्रोग्रॅमच्या निरनिराळ्या पटलांत होणारी माहितीची देवघेव. उदा., यादीच्या पटलात एखादे नाव निवडताच शेजारच्या पटलात त्याचा तपशील दिसावा लागतो. प्रत्येक पटलाने इतरांस थेट कळविण्याची रीत प्रथमदर्शनी सोपी वाटते. परंतु सहा पटलांत असे ३० एकेरी दुवे होऊ शकतात व एक पटल वगळल्यास इतरांतही फेरफार करावे लागतात. नॉर्वेजियन संगणकशास्त्रज्ञ ट्रिगवे रेन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो (कॅलिफोर्निया) येथील संशोधन केंद्रात मांडलेल्या रचनेत मूळ माहिती पटलांपासून अलग करून ‘प्रतिमाना’त ठेवली. स्मॉलटॉक-८० या भाषेत पटले प्रतिमानाकडे नोंदविली जातात. प्रतिमान केवळ बदल झाल्याचे कळविते आणि हवी ती माहिती प्रत्येक पटल स्वतः वाचून घेते. मात्र बंद केलेल्या पटलाची नोंद रद्द न केल्यास ते संगणकाच्या स्मृतीत विनाकारण अडकून राहते.