नुसता ग्रुप काढून शिक्षक एकत्र शिकत नाहीत

शिक्षकांनी ऑनलाइन एकत्र येऊन एकमेकांकडून शिकावं, या कल्पनेबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मतं ऐकू येतात. लिंक पाठवली, शे-दोनशे शिक्षक जोडले गेले, एवढ्यावरच काहींचं समाधान होतं. पडद्यावर कधी शिकणं होतं का, असं म्हणून काही जण विषयच संपवतात. दोघांचीही नजर माध्यमावर खिळलेली असते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतला अनुभव मात्र वेगळेच प्रश्न विचारायला लावतो. शिक्षक कशासाठी जमले, किती जण जमले, आणि आपल्या वर्गातलं काय घेऊन आले?

गैरसमज : ही सगळी कोविडकाळाची देणगी आहे.

वस्तुस्थिती : अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ‘एसआरआय इंटरनॅशनल’ या संशोधन संस्थेने १९९७ मध्येच शिक्षकांसाठी ‘टॅप्ड इन’ नावाची आभासी इमारत उभी केली होती. तिला मजले होते, खोल्या होत्या, स्वागतकक्ष होता. एका खोलीतून दुसरीत जायचं आणि तिथे हजर असलेल्यांशी लिहून बोलायचं, अशी रीत होती. नवख्या शिक्षकाची चौकशी करायला स्वयंसेवक असत, आणि बाहेर पडल्यावर झालेल्या संवादाची प्रत ईमेलने येई. हा प्रयोग २०१३ पर्यंत चालला. पण तो चालवणाऱ्या मार्क श्लेगर आणि ज्युडी फुस्को यांनीच २००३ मध्ये एका लेखात शंका उपस्थित केली, की तंत्रज्ञान आधी आणि शिक्षकांचा समूह मागाहून, असा उलटा क्रम तर लागला नाही ना? शिक्षक आपापल्या शाळेत आणि जिल्ह्यात ज्यांच्याबरोबर आधीपासून काम करतात, तिथून सुरुवात करायला हवी, असा त्यांचा रोख होता. आज नव्याने व्यासपीठं काढणाऱ्यांनी ही शंका आधी वाचावी.

गैरसमज : जागा तयार करून दिली की समूह आपोआप तयार होतो.

वस्तुस्थिती : इंडियाना विद्यापीठात साशा बाराब आणि सहकाऱ्यांनी गणित-विज्ञानाच्या शिक्षकांसाठी ‘इन्क्वायरी लर्निंग फोरम’ उभारला, तेव्हा त्यांचीही अशीच अपेक्षा होती. तिथे दुसऱ्या शिक्षकाच्या तासाची चित्रफीत पाहून चर्चा करायची सोय होती. पण अनोळखी माणसाच्या शिकवण्यातली उणीव उघडपणे दाखवायला शिक्षक कचरत. पुढे या मंडळींना समान उद्देश असलेल्या छोट्या गटांकडे वळावं लागलं. हा दोष पडद्याचा म्हणावा, तर पाम ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आड येतो. सिॲटलमधल्या एका माध्यमिक शाळेचे इंग्रजी आणि इतिहासाचे शिक्षक त्यात समोरासमोर बसत होते. तिथेही सुरुवातीला सगळ्यांचं एकमत असल्याचा आव होता आणि मतभेद झाकले जात होते. खरा समूह घडायला फार वेळ लागला. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांचंही असंच आहे. परिपत्रकं, ‘आजच माहिती भरा’च्या लिंका आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा यांत हरकत घेण्यासारखं काही नाही, पण त्याला शिकणं म्हणता येत नाही. शिवाय ज्या ग्रुपात केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी हजर आहेत, तिथे ‘माझ्या मुलांना हातच्याची वजाबाकी जमत नाही, काय करू?’ असं कोण लिहील? चूक उघडी करण्याइतका विश्वास नसेल तर चर्चा कौतुकापुढे सरकत नाही.

गैरसमज : समोरासमोरच्या प्रशिक्षणाची सर ऑनलाइनला कधीच येणार नाही.

वस्तुस्थिती : बॅरी फिशमन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पर्यावरणविज्ञान शिकवणाऱ्या ४९ शिक्षकांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाचं प्रशिक्षण प्रत्यक्ष झालं, दुसऱ्याचं ऑनलाइन. शिक्षकांच्या वर्गातल्या कामात किंवा मुलांच्या शिकण्यात दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. अमेरिकेतल्याच ‘माय टीचिंग पार्टनर’ या उपक्रमात शिक्षक आपल्या तासाचं चित्रण पाठवत. मार्गदर्शक त्यातले छोटे तुकडे निवडून त्यांवर प्रश्न लिही, आणि शिक्षकाने ते पाहून उत्तरं दिली की दोघं फोनवर बोलत. ७८ शिक्षकांवरच्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आले. शंभरात मधोमध, म्हणजे पन्नासाव्या शतमकावर असलेला विद्यार्थी पुढच्या वर्षी एकोणसाठाव्यावर जावा, एवढी सुधारणा त्यात दिसली. मग शंकेखोरांचं म्हणणं निराधार आहे का? तसंही नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या प्राथमिक शाळांत तीन वर्षं चाललेल्या प्रयोगात शाळेत येऊन मार्गदर्शन केल्याने मुलांचं इंग्रजी बोलणं आणि वाचन दोन्ही सुधारलं. टॅबलेट आणि फोनवरून केलेल्या मार्गदर्शनाने बोलण्यात थोडी भर पडली, वाचनात नाही, आणि घरच्या भाषेतल्या वाचन-लेखनाची तर पीछेहाट झाली. म्हणजे ‘ऑनलाइन’ हे एकच औषध नाही. वर्गातलं प्रत्यक्ष काम जिथे बारकाईने पाहिलं जातं, तिथे अंतर तितकं आड येत नाही, आणि तिथेही निकाल तपासून पाहावाच लागतो.

गैरसमज : अभ्यासक्रम पूर्ण झाला, प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे शिक्षक एकत्र शिकले.

वस्तुस्थिती : केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ व्यासपीठ २०१७ मध्ये आलं. ‘निष्ठा’ प्रशिक्षण २०१९ मध्ये सुरू झालं आणि २०२० मध्ये ऑनलाइन झालं. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने दर वर्षी ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. दूरच्या वाडीवस्तीवरच्या शिक्षकापर्यंत चांगलं साहित्य पोचवायला ही सोय मोलाची आहे. पण एकाच वेळी शिकणं आणि एकमेकांबरोबर शिकणं यांत फरक आहे. हजार शिक्षकांनी एकच चित्रफीत पाहिली आणि प्रश्नमंजूषा सोडवली, तरी एकाच्या वर्गातली अडचण दुसऱ्याला कळत नाही. उलट, गटात गप्प राहून वाचणारा शिक्षक काहीच शिकत नाही, हेही खरं नाही. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्येच मांडलं होतं, की नवखा माणूस आधी कडेला राहून पाहतो आणि मग हळूहळू कामात उतरतो. तेव्हा तास आणि संदेश मोजून फारसं हाती लागत नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की ऑनलाइन माहिती भरता भरता थकलेल्या शिक्षकाला यासाठी वेळ कुठून मिळणार? नवं काम म्हणून हे लादलं तर मिळणार नाहीच. म्हणून जे काम तो एरवीही करणार आहे, तेच चर्चेचा विषय व्हायला हवं. पेपर तपासताना एखाद्या मुलाने १/२ + १/३ = २/५ असं लिहिलेलं दिसतं. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवण्याची ही चूक अनेक शाळांत सापडेल. पाचवी-सहावीला गणित शिकवणाऱ्या पाच-सहा जणांनी अशा उत्तरांचे फोटो टाकावेत, मुलाच्या डोक्यात काय चाललं असेल ते लिहावं, त्यावर एक उपाय करून पाहावा आणि आठवड्याभराने काय झालं ते सांगावं. एकाने चर्चा मार्गावर ठेवावी, आणि वरिष्ठांनी या ग्रुपाबाहेर राहावं. एवढ्यासाठी साधा स्मार्टफोन पुरतो. असा गट चालतो का, हे ओळखायला सदस्यसंख्या पाहू नये. एखाद्याने आपला न जमलेला तास गटात मांडला आणि दुसऱ्याने त्यामुळे आपल्या शिकवण्यात बदल केला, असं महिन्यातून एकदा तरी घडतं का, ते पाहावं.