भीती पाण्याची नव्हे

अमेरिकेत शिकत असताना एका उन्हाळ्यात मी मिसुरी राज्यातल्या एका ख्रिस्ती शिबिरात स्वयंसेवक म्हणून राहिलो. सेंट लुईस शहरातल्या गरीब वस्त्यांतली, बहुतांशी काळी मुले चर्चच्या देणग्यांवर तिथे आठवडाभर येत. सकाळी बायबलचा पाठ, दुपारी तळ्यात पोहणे, रात्री शेकोटीभोवती प्रार्थना. आठ मुलांमागे एक स्वयंसेवक. तो त्यांच्याच पंगतीला जेवी, त्यांच्याच खोलीत झोपे. माझी जात कुणी विचारली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

पण मुले पाण्याला भीत. प्रवचनात ही भीती श्रद्धेची उणीव ठरली. तिचा इतिहास कुणी सांगितला नाही. सेंट लुईसच्याच फेअरग्राउंड पार्कमधला पोहण्याचा तलाव २१ जून १९४९ रोजी काळ्यांना खुला झाला आणि त्याच दिवशी गोऱ्या जमावाने त्यांना मारहाण केली. मिसिसिपीतील जॅक्सन शहराने तर काळ्यांना प्रवेश द्यावा लागू नये म्हणून तलाव चालवणेच सोडले. सर्वांनाच बंद असल्याने ते घटनाबाह्य नाही, असा निकाल १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. ज्यांना पाण्यात उतरू दिले नाही, ते मुलांना पोहणे कसे शिकवणार? महाडचा १९२७ चा सत्याग्रह जाणणाऱ्याला अधिक सांगायला नको.

एका मुलाच्या पाठीखाली हात धरून मी त्याला तरंगायला शिकवले. शिबिराचे हे श्रेय मी नाकारत नाही. पण शनिवारी बस त्याला परत घेऊन गेली. आठवडाभराचे पाणी दयेने मिळते. रोजचे पाणी हक्काने मागायचे, तर दोष आपल्या श्रद्धेत नव्हता, हे त्याला आधी कळले पाहिजे.