यूएसबीच्या विजेचे दार

शाळेतल्या संगणकाला माउस, कळफलक, पेनड्राइव्ह, इंटरनेटचे डोंगल अशी चार-पाच उपकरणे जोडलेली असतात. वीज जाते, संगणक बॅटरीवर येतो आणि शिक्षकांच्या मनात येते, ‘यांतले नको ते एक तेवढे बंद करता येईल का?’ कधी डोंगल मध्येच अडून बसते. ते उपटून पुन्हा लावले की ताळ्यावर येते. मग हे काम संगणकच का करत नाही? प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र थोडे समजून घ्यावे लागते.

यूएसबी ही जोडणी १९९६ साली आली. तिच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात. दोन तारांतून निरोपांची ये-जा होते, उरलेल्या दोन ५ व्होल्टची वीज पुरवतात. यूएसबी २.० या प्रमाणानुसार उपकरणाला ५०० मिलिअँपिअरपर्यंत, म्हणजे अडीच वॅट वीज घेता येते. २००८ च्या यूएसबी ३.० मध्ये ही मर्यादा ९०० मिलिअँपिअर झाली.

आता मुख्य मुद्दा. उपकरणाला झोपवणे वेगळे आणि त्याची वीज तोडणे वेगळे, बरं का! संगणकाने एखाद्या पोर्टवरचे निरोप ३ मिलिसेकंद थांबवले की उपकरणाने झोपायचे, असा नियम आहे. झोपलेल्या उपकरणाने साधारण अडीच मिलिअँपिअरच वीज घ्यावी. म्हणजे पाचशेच्या दोनशेवा हिस्सा! पण तारेत ५ व्होल्ट असतातच. विंडोजमध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्यास संगणकाला मुभा द्या’ अशा अर्थाची जी चौकट दिसते, ती या झोपेचीच. लिनक्समध्ये प्रत्येक उपकरणासाठी ‘कंट्रोल’ नावाची एक फाइल असते. तिच्यात ‘ऑटो’ लिहिले तर काम नसताना झोपण्याची परवानगी, ‘ऑन’ लिहिले तर सतत जागरण. ‘ऑफ’ हा शब्द तेथे चालतच नाही.

तुम्ही म्हणाल, मग यूएसबीवरचा छोटा दिवा का झोपत नाही? कारण त्याला निरोप कळतच नाहीत. तो फक्त विजेच्या दोन तारांवर जगतो. त्याला विझवायचे तर वीजच अडवली पाहिजे.

ती अडवायची कोणी? येथे पाटाचे पाणी आठवा. प्रत्येक वाफ्याला वेगळे दार असेल, तर दारे धरणारा माणूस हवे ते दार मोडतो, नको ते बांधतो. दारच नसेल, तर तो बिचारा काय करणार? यूएसबीत हे दार हबमध्ये असते. हब म्हणजे एका जोडणीच्या अनेक जोडण्या करणारी पेटी. संगणकाच्या आतही एक हब असतोच. प्रत्येक पोर्टला वेगळे बटण ठेवण्याची सोय प्रमाणात आहे, पण सक्ती नाही. म्हणून काही हबांत सगळ्या पोर्टांना मिळून एकच बटण असते, तर पुष्कळांत खर्च वाचवण्यासाठी तेही नसते. गंमत अशी, की काही हब ‘पोर्ट बंद केले’ असे उत्तर देतात आणि वीज मात्र चालूच ठेवतात!

‘यूहबसीटीएल’ नावाचा एक मोफत प्रोग्राम हबला पोर्ट बंद-चालू करण्याचा हुकूम देतो. अडलेल्या डोंगलची वीज काही सेकंद तोडून पुन्हा देण्यास तो उपयोगी पडतो. पण हबमध्ये दार असेल तरच! परीक्षा सोपी आहे: पोर्टला दिवा लावा आणि हुकूम द्या. दिवा विझला, तर दार आहे. नसेल, तर प्रत्येक पोर्टला खटका असलेला हब घ्यावा. मात्र तो खटका वीजच तोडतो, केवळ निरोपाच्या तारा नव्हे, याची दुकानातच दिव्याने खात्री करून घ्यावी.

एक सावधगिरी हवी. पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर मुलांच्या गुणांची यादी लिहिली जात असताना वीज तोडली, तर फाइल अर्धवट राहते. कधी सगळी डिस्कच वाचता येत नाही. म्हणून आधी संगणकाला ‘उपकरण सुरक्षित काढतो’ असे सांगावे, त्याचा होकार मिळू द्यावा आणि मगच खटका दाबावा. वाचलेली वीज अडीच वॅटची. गेलेली यादी मात्र वर्षभराच्या मेहनतीची असते.