विहारासमोरची तगर

विहाराकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांना उभी असलेली तगर माजी विद्यार्थ्यांना निश्चित आठवत असेल. सकाळच्या वंदनेसाठी तिची फुले आणण्याची पाळी वसतिगृहातील प्रत्येकावर कधी ना कधी आलेली आहे. कल्याण-डोंबिवलीच्या सदनिकांत राहणारे पालक आता तिची फांदी मागून नेतात, आणि काहींची फांदी जगत नाही. त्यांच्यासाठी हे टिपण.

प्रथम नावाविषयी. धम्मपदाच्या पुप्फवग्गात शीलाच्या सुगंधाची थोरवी सांगताना चंदन, कमळ, मल्लिका यांच्याबरोबर 'तगर' येते. ती हीच, असे मी कित्येक वर्षे वर्गात सांगितले. पालि टेक्स्ट सोसायटीचा कोशही तसेच म्हणतो. परंतु आपल्या एकेरी तगरीला वास जवळजवळ नाही. दुहेरी पाकळ्यांची तेवढी रात्री दरवळते. काष्ठौषधींच्या दुकानात 'तगर-गंठोडा' मिळतो, तो जटामांसीच्या कुळातील एका हिमालयीन वनस्पतीचा सुगंधी मूळकंद होय. गाथांत तगरीची जोडी चंदनाशी लावलेली आहे, आणि धूपाच्या द्रव्याशेजारी हा मूळकंदच अधिक शोभतो, असे आता माझे मत झाले आहे. नाव एक असले तरी वस्तू एकच असते असे नाही, हे इतिहासाच्या शिक्षकाला इतक्या उशिरा सुचावे याचा थोडा संकोच वाटतो.

आपल्या अंगणातली तगर म्हणजे टॅबरनेमोंटाना डायव्हरिकाटा. कण्हेर, चाफा, सदाफुली यांच्याच कुळातली. बाराही महिने हिरवी, सहा ते आठ फूट वाढणारी. ठाणे जिल्ह्यात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. मुरमाड जमिनीत रुजलेली तगर हे दोन्ही सोसते. तिला सोसत नाही ते मुळाशी साचलेले पाणी. कुंडीत लावणाऱ्यांची फांदी मरते ती बहुधा यामुळेच. कुंडी बारा-चौदा इंचांची असावी, तळाची छिद्रे मोकळी असावीत, मातीत वाळू व शेणखत मिसळावे, आणि वरची माती सुकल्याखेरीज पाणी घालू नये. तीन-चार तास ऊन मिळाले तरी पुरे. जमिनीतल्या झाडाला पहिले वर्ष जपले की पुढे उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी भागते. मे महिन्यातील पाणीकपातीतही आमची तगर फुलांवाचून राहिलेली नाही. फेब्रुवारीत शेंडे हलके छाटावेत, कारण फूल नव्या फुटीवर येते.

कण्हेर याहूनही काटक असते, तरी लहान मुलांच्या वसतिगृहात ती नको, या मताचा मी आहे. तिचे पान पोटात गेले तर हृदयावर घातक परिणाम होतो. तगरीचा चीकही निरुपद्रवी नव्हे. डोळ्यांना लागू देऊ नये, हात धुवावेत आणि तिचा कोणताही भाग तोंडात घालू नये. परंतु दोहोंच्या धोक्यात पुष्कळ अंतर आहे.

पावसाळ्यात एखाद्या सकाळी अर्धे झुडूप निष्पर्ण दिसते. बोटाएवढी जाड हिरवी अळी, डोक्यामागे निळे-पांढरे दोन 'डोळे' आणि शेपटीला काटा, ही कण्हेरीच्या पतंगाची अळी. एकदा औषध फवारण्याची तयारी झाली असता सातवीच्या एका मुलीने विचारले, "सर, आत्ताच तर पहिले शील म्हणालो ना?" पंप परत ठेवावा लागला. तेव्हापासून मुले त्या अळ्या पानासकट उचलून भिंतीमागच्या जुन्या झुडपांवर नेऊन सोडतात. काही आठवड्यांत पालवी परत येते, आणि नशीब असेल तर हिरव्या-गुलाबी पंखांचा तो देखणा पतंगही दिसतो. पिठ्या ढेकणांच्या बाबतीत मात्र मी इतका उदार राहू शकलेलो नाही. आधी पाण्याचा जोराचा फवारा मारतो, आणि तेवढ्याने न हटल्यास निंबोळी अर्क.

कलमासाठी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांबीची, अर्धवट पिकलेली काडी घ्यावी. कोवळा शेंडा कुजतो. खालची पाने काढावीत, चीक गळून कापलेले टोक सुकू द्यावे आणि मग दोन पेरे ओल्या वाळू-मातीत जातील अशी सावलीत लावावी. महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. तोवर उपटून पाहण्याचा मोह आवरावा. आषाढी पौर्णिमेस वर्षावास सुरू होतो तेव्हा काड्या लावण्यास हवा उत्तम असते. त्या दिवशी विहारात येणाऱ्यांनी सोबत एक ओले फडके आणावे. काड्या आम्ही कापून ठेवू.