जुन्या नौकेला नवे इंजिन : निर्णयापूर्वीचे हिशेब

बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावर दरवर्षी १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. चेन्नईच्या उत्तर भागातील कासिमेडू बंदरात या काळात ‘विसैपडगु’, म्हणजेच यांत्रिक नौका, एकमेकींना खेटून उभ्या राहतात. त्यांतील काही किनाऱ्यावर ओढून घेतल्या जातात. त्यांचा तळ खरवडला जातो, फळ्यांच्या सांधी नव्याने बुजवल्या जातात आणि इंजिने उघडून तपासली जातात. अरबी समुद्रावर हाच विराम १ जून ते ३१ जुलै या काळात येतो आणि ससून डॉक, हर्णै, मिरकरवाडा येथेही असेच दृश्य दिसते. दोन्ही किनाऱ्यांवरील जुन्या नौकांच्या मालकांपुढे या दिवसांत एक प्रश्न उभा राहतो : थकलेले इंजिन पुन्हा एकदा दुरुस्त करावे, की काढून नवे बसवावे?

प्रश्न वरकरणी यांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात तो संसाराचा असतो. नवे इंजिन, गिअरबॉक्स आणि बसवणी यांचा खर्च लाखांच्या घरात जातो. ही रक्कम बहुधा कर्जातून किंवा मासळीच्या व्यापाऱ्याकडून घेतलेल्या उचलीतून उभी राहते आणि पुढील कित्येक हंगामांची कमाई तिच्या परतफेडीला बांधली जाते. उलटपक्षी, भर समुद्रात इंजिन बंद पडले तर केवळ एक फेरी वाया जात नाही. वादळी हवेत तांडेलापासून खलाशापर्यंत सर्वांचे प्राण पणाला लागतात. त्यामुळे शेजारच्या नौकेकडे पाहून किंवा विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून हा निर्णय घेणे हितावह नाही.

धूर दिसला म्हणजे इंजिन संपले असे नव्हे

पीक संरक्षणातील ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ ही संकल्पना शेतकऱ्यांना परिचित आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९५९ मध्ये मांडली. शेतात कीड दिसली म्हणून तत्काळ फवारणी करावयाची नसते. किडीमुळे होऊ घातलेले नुकसान उपायाच्या खर्चाला गाठू लागले की मगच उपाय योजावयाचा असतो. नौकेच्या इंजिनालाही हाच न्याय लागू पडतो. इंजिन किती वर्षांचे आहे, यापेक्षा ते दरवर्षी किती नुकसान करीत आहे, हे मोजणे महत्त्वाचे आहे.

भारतीय ट्रॉलरवर अनेक दशके ट्रकच्या इंजिनांची सागरी रूपे वापरली जात आहेत. कासिमेडूच्या उत्तरेस एन्नोर येथे कारखाना असलेल्या अशोक लेलँडची इंजिने त्यांत ठळकपणे आढळतात. साध्या बांधणीच्या अशा इंजिनांचे लायनर, पिस्टन रिंगा, झडपा आणि इंजेक्टर बदलता येतात. म्हणून उपचारापूर्वी निदान आवश्यक ठरते. काळा धूर हे अपुऱ्या हवेचे, बिघडलेल्या इंजेक्टरचे किंवा पंख्यामुळे पडणाऱ्या जादा भाराचे लक्षण असू शकते. निळसर धूर वंगणतेल जळत असल्याचे सुचवतो. इंजिन तापल्यानंतरही पांढरा धूर येत राहिल्यास डिझेल अर्धवट जळत आहे किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरत आहे, अशी शंका घ्यावी. सिलिंडरमधील दाबाची चाचणी, वंगणतेलाच्या खपाची नोंद आणि तेलात धातूचे कण किंवा खारे पाणी आहे काय, याची तपासणी केल्यास बरेचसे चित्र स्पष्ट होते.

इंजिनाचा मुख्य ठोकळा आणि क्रँकशाफ्ट सुस्थितीत असून सुटे भाग मिळत असतील, तर संपूर्ण दुरुस्ती हा आदराने विचारात घेण्याजोगा पर्याय आहे. ठोकळ्याला खाऱ्या पाण्याने खड्डे पडले असतील, क्रँकशाफ्ट पुन्हा घासण्याच्या मर्यादेपलीकडे गेला असेल किंवा सुटे भाग दुर्मीळ झाले असतील, तर मात्र दुरुस्तीवरील खर्च हा केवळ काळ पुढे ढकलणारा ठरतो.

आधी लाकूड, मग लोखंड

इंजिनाची परीक्षा झाली तरी निर्णयाचा अर्धाच भाग पूर्ण होतो. नव्या इंजिनाचे आयुष्य नौकेच्या सांगाड्याच्या उरलेल्या आयुष्याएवढेच उपयोगाचे असते. जुन्या पिढीतील लाकडी नौकांच्या बाबतीत हा मुद्दा सर्वांत निर्णायक आणि सर्वांत दुर्लक्षित आहे.

लाकडी नौकेचा मुख्य शत्रू डोळ्यांना सहसा दिसत नाही. टेरेडो आणि बँकिया या प्रजातींतील जीवांना जहाजकिडे म्हटले जाते. तथापि ते कीटक नाहीत, कृमीही नाहीत. ते शिंपल्यांच्या कुळातील मृदुकाय प्राणी आहेत. त्यांची डिंभके टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून लाकडात शिरतात आणि आतल्या आत वाढत लांबच लांब बोगदे कोरतात. छोट्या कवचांनी लाकूड किसले जाते आणि त्यातील सेल्युलोज पचवण्याचे काम त्यांच्या कल्ल्यांत वसलेले सहजीवी जिवाणू करतात. परिणामी फळी बाहेरून धडधाकट आणि आतून पोकळ होते. स्फेरोमा आणि लिम्नोरिया हे कवचधारी जीव, म्हणजे कोळंबीचे दूरचे नातलग, पृष्ठभागाकडून लाकूड पोखरतात. प्रवासात असलेल्या नौकेपेक्षा बंदरात दीर्घकाळ एका जागी उभ्या असलेल्या नौकेवर या जीवांना बस्तान बसवणे सोपे जाते. त्यामुळे ज्या बंदीकाळात मालक इंजिनाचा विचार करीत असतो, त्याच काळात पाण्यात ठेवलेल्या नौकेचा तळ पोखरला जाण्याचा धोका वाढतो.

वरच्या बाजूस दुसरा धोका असतो. बर्फाच्या कप्प्यातून झिरपणारे गोडे पाणी लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खाऱ्या पाण्यापेक्षा अधिक मानवते. लोखंडी खिळे गंजले की त्यांच्याभोवतीचे लाकूडही मऊ पडते. इंजिन ज्या आडव्या-उभ्या तुळयांवर बसते, त्या तुळयाच अशा प्रकारे खिळखिळ्या झाल्या असतील, तर नव्या इंजिनाची कंपने नौकेचे आयुष्य आणखी कमी करतील.

यासाठी नौका ओढून घेऊन प्रथम तळ स्वच्छ करावा. लाकडी हातोडीने ठोकून येणारा बद्द आवाज, टोचणी सहज आत जाणे, सांधीतून सतत पाझरणारे पाणी आणि खिळ्यांभोवतीचे काळे डाग यांची नोंद करावी. पोलादी नौकेत पत्र्याची जाडी मोजून घ्यावी. अनुभवी सुताराने किंवा सर्वेक्षकाने ‘हा सांगाडा आणखी किती वर्षे चालेल’ या प्रश्नाचे उत्तर दिल्याखेरीज इंजिनाची किंमत विचारण्यात अर्थ नाही.

खर्चाचा ताळेबंद

पुढील उदाहरणातील आकडे हिशेबाची पद्धत समजावी म्हणून गृहीत धरले आहेत; प्रत्येकाने तेथे आपले आकडे घालावेत. एखादी नौका वर्षातून १५० दिवस, दररोज १० तास, सरासरी ८० अश्वशक्तीच्या भाराने चालते. जुने इंजिन दर अश्वशक्तीला ताशी ०.२२ लिटर डिझेल घेते, तर नवे ०.१९ लिटर. फरक ताशी २.४ लिटरचा, म्हणजे वर्षाला ३,६०० लिटरचा झाला. डिझेल ९० रुपये लिटर धरल्यास वार्षिक बचत ३ लाख २४ हजार रुपये होते. नव्या इंजिनाचा एकूण खर्च १२ लाख असेल, तर व्याज न धरता तो पावणेचार वर्षांत फिटतो. येथपर्यंत नवे इंजिन आकर्षक दिसते.

आता तिसरा पर्याय मांडून पाहावा. तीन लाखांच्या दुरुस्तीने जुन्या इंजिनाचा खप ०.२० लिटरवर आला, तर वर्षाला २,४०० लिटर, म्हणजे २ लाख १६ हजार रुपये वाचतात. नव्या इंजिनासाठी मोजावयाच्या उरलेल्या नऊ लाखांच्या मोबदल्यात मिळणारी जादा बचत केवळ १ लाख ८ हजार रुपयांची राहते. हे नऊ लाख वसूल होण्यास आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. नौकेचा सांगाडा पाचसहा वर्षांचाच सोबती असेल, तर कर्ज नौकेपेक्षा अधिक काळ जगेल. अर्थात दुरुस्तीनंतरही इंजिन वारंवार बंद पडत असेल, तर बुडालेल्या फेऱ्या आणि जिवाची जोखीम हिशेबात धरावीच लागते. तेव्हा पारडे नव्या इंजिनाकडे झुकते.

वेगाचा हिशेब याहून बोलका आहे. पाणी कापत जाणाऱ्या नौकेला लागणारी शक्ती साधारणतः वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्क्यांनी कमी केल्यास शक्तीची गरज सुमारे २७ टक्क्यांनी घटते. वरील उदाहरणातील दहा तासांपैकी चार तास जाण्यायेण्याचे असतील आणि तेवढ्याच प्रवासात वेग दहा टक्के कमी ठेवला, तर प्रवास सुमारे २७ मिनिटांनी लांबतो. पण दररोज १३ लिटरहून अधिक, म्हणजे वर्षाला सुमारे २,००० लिटर डिझेल वाचते. यासाठी एक रुपयाही गुंतवावा लागत नाही.

चेन्नईचा या विषयाशी जुना संबंध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७९ मध्ये सुरू केलेल्या बंगाल उपसागर कार्यक्रमाचे मुख्यालय तत्कालीन मद्रासमध्ये होते. या कार्यक्रमात लहान नौकांवर काम केलेले नौका-आरेखक ओयविंड गुलब्रान्डसेन यांची इंधनबचतीवरील मार्गदर्शिका त्याच संघटनेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. कमी वेग, स्वच्छ तळ आणि सावकाश फिरणारा मोठा पंखा हे तिचे प्रमुख सूत्र आहे.

अश्वशक्तीचा मोह

इंजिन बदलताना ‘थोडे मोठेच घ्यावे’ असा विचार सहज मनात येतो. परंतु अशा नौकेच्या वेगाला तिच्या पाणरेषेच्या लांबीची मर्यादा असते. १३ मीटर पाणरेषेच्या नौकेसाठी ही मर्यादा सुमारे पावणेनऊ नॉट आहे. त्यापुढे जादा अश्वशक्ती मुख्यतः लाटा उसळवण्यात खर्ची पडते. मोठे इंजिन अधिक जड जाळे ओढू शकते हे खरे. मात्र त्यामुळे तळावरील अधिवास आणि लहान मासळी यांच्यावरील ताणही वाढतो. तमिळनाडूच्या २०२० च्या सागरी मासेमारी नियमांत इंजिनाच्या शक्तीवर २४० अश्वशक्तीची मर्यादा आहे आणि अधिक शक्तीच्या इंजिनांवरून कासिमेडूतील मच्छीमारांमध्येच वाद झाले आहेत. दुसरीकडे, कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने २०१६ मध्ये जलावतरण केलेल्या १९.७५ मीटर लांबीच्या ‘सागर हरिता’ नौकेत, तुलनीय नौकांपेक्षा सुमारे २० टक्के कमी शक्तीचे इंजिन पुरेसे ठरेल अशी रचना करण्यात आली. सुधारणा म्हणजे वाढीव अश्वशक्ती नव्हे, हे त्यातून दिसते.

बदलायचेच ठरले तर

इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट आणि पंखा यांचा विचार एकत्र करावा. नव्या इंजिनाचे फेरे जुन्यापेक्षा वेगळे असतात; जुनाच पंखा ठेवल्यास इंजिनावर अवाजवी भार पडतो किंवा त्याची शक्ती पुरती वापरलीच जात नाही. नवे इंजिन हलके असल्यास नौकेचा तोल बदलतो, तो पुन्हा साधावा लागतो. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे इंजिन इंधन वाचवते. तथापि त्याची दुरुस्ती बंदरातल्या बंदरात होऊ शकेल काय, याची आधी खात्री करावी. इंजिन बदलल्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात आणि विमा कागदपत्रांत करून घ्यावी. अन्यथा अपघातानंतरचा दावा अडचणीत येऊ शकतो.

बंदीकाळाचे पहिले आठवडे या दृष्टीने मोलाचे आहेत. त्यांत नौका बाहेर काढून सांगाडा तपासावा, त्यानंतर इंजिनाच्या चाचण्या कराव्यात आणि मागील हंगामातील डिझेल, वंगणतेल, दुरुस्ती व बुडालेल्या फेऱ्या यांची बेरीज मांडावी. सांगाडा भक्कम आणि इंजिन निकामी असेल, तर योग्य शक्तीचे नवे इंजिन निश्चित घ्यावे. सांगाडा भक्कम आणि इंजिन दुरुस्त होण्याजोगे असेल, तर दुरुस्ती करून वाचलेला पैसा तळाच्या आणि पंख्याच्या देखभालीवर खर्च करावा. सांगाडाच थकला असेल, तर आहे ते इंजिन सुरक्षितपणे चालेल एवढीच डागडुजी करून पुढील नौकेसाठी बचत सुरू करावी. आणि सांगाडा व इंजिन दोन्ही भरवशाचे राहिले नसतील, तर ती नौका समुद्रावर न नेणे, हाच खलाशांच्या हिताचा निर्णय आहे.